कार्ट आणि कार्टी

छंद ही आमच्या लहानपणी फार स्वस्त वस्तू होती. काड्यापेट्यांचे छाप, बसची वापरलेली तिकिटं, नदीकाठचे गोटे, फार तर मोराचं पीस वहीत ठेवून त्याला पेन्सिलीचा भुगा खायला घालणं. असल्या छंदांना खर्च नव्हता आणि त्यांत वडीलधाऱ्यांचा संबंध आलाच तर तो 'हा कचरा कुणाचा?' एवढ्या प्रश्नापुरता येत असे. वडिलांनी आणि मुलांनी मिळून करायच्या गोष्टी घरात दोनच. एक म्हणजे दिवाळीच्या आधी पंखा पुसणं. त्यात वडील स्टुलावर चढत आणि मुलानं स्टूल धरायचं. दुसरी म्हणजे प्रगतिपुस्तकावर सही. त्यात वडील खुर्चीवर बसत आणि मुलानं भिंत धरायची.

आता काळ बदलला आहे. 'पालक आणि पाल्य यांनी मिळून जोपासावेत असे छंद' अशा याद्या हल्ली छापून येतात. अशाच एका यादीत कुंभारकाम होतं, पक्षिनिरीक्षण होतं, गच्चीवर भाजी लावणं होतं आणि सगळ्यांत शेवटी गो-कार्टिंग होतं. आमच्या बारा वर्षांच्या कन्येला याद्या खालून वर वाचायची सवय आहे. ती पहिल्याच ओळीवर थांबली.

"बाबा, आपण हे करू या."

कुठल्याही गोष्टीत हात घालण्यापूर्वी तिचा इतिहास वाचायचा, ही माझी जुनी खोड. यामुळे हात घालायचं पुष्कळदा राहूनच जातं, हा त्यातला मोठा फायदा. तेव्हा मी कन्येकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि वाचायला बसलो.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी नळ्यांची एक चौकट. तिला चार बुटकी चाकं, मधे एक खुर्ची, बाजूला किंवा पाठीमागं एक इंजिन. बस्स! छप्पर नाही, दारं नाहीत, काचा नाहीत, हॉर्न नाही. हॉर्नशिवाय गाडी चालू शकते, हे आपल्या देशातल्या माणसाला पटवायला जरा वेळ लागतो. स्प्रिंगाही नाहीत. रस्त्यातला खडा चाकाला ज्या क्षणी कळतो त्याच क्षणी तो चालवणाऱ्याच्या माकडहाडालाही कळतो. आणि डिफरन्शियल नाही. मोटार वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी. म्हणून मागच्या दोन चाकांना आपापल्या गतीनं फिरण्याची मुभा लागते. ती मुभा डिफरन्शियल देतं. कार्टची मागची दोन्ही चाकं मात्र एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली. वळणावर एक म्हणतं भराभर चल, दुसरं म्हणतं सावकाश. एकत्र कुटुंबासारखीच परिस्थिती! यावर उपाय असा काढलेला आहे, की वळताना ती चौकटच थोडी पिळवटू द्यायची आणि आतलं मागचं चाक जमिनीपासून किंचित उचललं जाईल असं बघायचं. भांडणाऱ्या दोघींपैकी एक चार दिवस माहेरी गेली की घर कसं सुरळीत चालतं, त्यातलाच हा प्रकार.

आता नाव. इंग्रजीत गाड्याला 'कार्ट' म्हणतात ते 'सी' या अक्षरानं लिहितात. हे मात्र 'के'नं. मोटारींच्या एका अमेरिकन मासिकातल्या लिन वाइनलँड नावाच्या गृहस्थांनी ते तसं लिहिलं, असं सांगतात. त्यांना मराठी येत असेल अशी शंकाही घ्यायचं कारण नाही. पण कार्टा, कार्टी आणि कार्टं अशी तिन्ही लिंगांत चालणारी सोय आपल्या भाषेत आधीपासून तयार होती, आणि 'गो, कार्ट्या' हे वाक्य महाराष्ट्रातल्या पालकांनी इंग्रजी न शिकताच हजारो वेळा उच्चारलेलं आहे.

माझी समजूत अशी होती, की ही गाडी कुणा प्रेमळ बापानं मुलासाठी केली असणार. तसं काही नाही. ती एका थोराड माणसानं स्वतःसाठी केली. आर्ट इंगल्स हा कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल इथल्या कर्टिस-क्राफ्ट या कारखान्यात शर्यतीच्या मोटारी बांधायच्या कामावर होता. दिवसभर दुसऱ्यांसाठी वेगवान गाड्या जोडायच्या आणि संध्याकाळी घरी जायचं. हलवायाला गोड आवडत नाही म्हणतात. पण याला आवडत असावं. १९५६ साली त्यानं लॉस एंजलिसमध्ये लू बोरेली या मित्राच्या मदतीनं नळ्यांची एक चौकट जोडली आणि तिला वेस्ट बेंड कंपनीचं अडीच अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. हे इंजिन हिरवळ कापायच्या यंत्रासाठी तयार केलेलं, आणि तो धंदा न चालल्यामुळं पडून राहिलेल्या मालातलं होतं. म्हणजे या साऱ्या खेळाचा उगम एका दिवाळ्यात निघालेल्या व्यवहारात आहे. तिकडे भंगारातून खेळ निघाला, आपल्याकडे अजून भंगारवाला निघतो, एवढाच फरक.

पॅसाडिनाच्या रोझ बोल या क्रीडांगणाबाहेरच्या गाड्या लावायच्या मैदानात इंगल्स आपलं यंत्र पळवू लागला. ते पाहून इतर बाप्ये वेडे झाले. (पोरं झाली असतील तर त्यांची नोंद नाही.) मोटारींचे सायलेन्सर विकणारे डफी लिव्हिंगस्टन आणि रॉय डेस्ब्रो यांनी बिल रोल्स या तिसऱ्या भागीदाराला घेऊन कंपनी काढली आणि १२९ डॉलरला गाडीचे सुटे भाग खोक्यात घालून विकायला सुरुवात केली. करवती करणाऱ्या मॅककलक कंपनीनं १९५९ साली खास कार्टसाठी इंजिन काढलं. १९६२ साली या खेळाचं आंतरराष्ट्रीय मंडळ झालं, १९६४ साली रोममध्ये पहिलं जगज्जेतेपद दिलं गेलं. इंगल्सनं संध्याकाळी विरंगुळा म्हणून सुरू केलेल्या प्रकाराला आठ वर्षांत घटना, पोटनियम आणि पदाधिकारी मिळाले. मंडळ स्थापन करण्याची हौस फक्त आपल्यालाच आहे असं मानण्याचं कारण नाही.

या सगळ्या वाचनात एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात अडकून बसली. गाडीला सीट एकच आहे. 'पालक आणि पाल्य यांनी मिळून' असं यादीत म्हटलं होतं; पण मिळून बसायचं कुठं? कुंभारकामात बापलेक एकाच चिखलात हात घालू शकतात. इथं एक आत बसला की दुसऱ्यानं कुंपणाबाहेर उभं राहायचं. मग बाहेरच्यानं करायचं काय?

या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतच, इंगल्सच्या आधी वीसएक वर्षं शोधायला सुरुवात झाली होती. ओहायो राज्यातल्या डेटन गावी मायरन स्कॉट नावाच्या वृत्तपत्र छायाचित्रकाराला १९३३ साली काही मुलं घरी केलेल्या, इंजिन नसलेल्या गाड्या उतारावरून सोडताना दिसली. त्यानं त्यांची शर्यत लावली, १९३४ साली ती सबंध देशाची झाली आणि पुढच्या वर्षी ॲक्रन शहरात गेली. साबणाच्या खोक्यांपासून केलेल्या गाड्या म्हणून नाव 'सोप बॉक्स डर्बी'. नियम मोठा सात्त्विक होता. गाडी मुलानं स्वतः बांधायची. आता आपल्या शाळांतून मुलांनी स्वतः केलेले ताजमहाल आणि ज्वालामुखी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या नियमाचं पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. रात्री दोन वाजता थर्माकोल कापणारा बाप हा काही केवळ मराठी मध्यमवर्गाचा शोध नव्हे.

१९७३ साली कळस झाला. चौदा वर्षांचा एक मुलगा जिंकला आणि दोन दिवसांत त्याचं विजेतेपद काढून घेतलं. त्याच्या गाडीचा एक्स-रे काढला तेव्हा नाकाडात विद्युतचुंबक सापडला. सुरुवातीला गाड्यांना अडवून धरणारा लोखंडी अडसर पुढं पडायचा, तेव्हा चुंबक त्याला चिकटू पाहत गाडीलाच पुढं ओढायचा. चुंबक ही अक्कल पोराची नव्हती. ज्या नातेवाइकाच्या घरी तो राहत होता त्या कारखानदाराची होती. पोराला हरलेलं बघवत नाही म्हणून मोठी माणसं काय काय करतात! मला त्या कारखानदाराचं नव्हे, उतारावरून खाली येत असलेल्या त्या पोराचं राहून राहून वाटतं. गाडी सुटली तेव्हा त्याला ठाऊक होतं, की आपण पुढं चाललो आहोत ते आपण नव्हे. दोनच वर्षांनी, १९७५ साली, कॅरन स्टेड नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीनं ही शर्यत जिंकली. जिंकणारी ती पहिली मुलगी. हे मी कन्येला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यात काय?" तिचंही बरोबर आहे.

आमची गाडी या दृष्टीनं फार प्रामाणिक होती. बेअरिंगची गाडी! गॅरेजवाल्याच्या दारात चार दिवस घुटमळून मिळवलेली तीन जुनी बेअरिंगं, वखारीतली एक फळी, पुढं आडवी दांडी आणि ती वळवायला सुतळी. ब्रेक म्हणजे चपला. डांबरी उतारावरून ती सुटली की बेअरिंगांचा असा काही कर्कश आवाज निघायचा, की गल्लीतल्या दुपारी झोपणाऱ्या समस्त काकू एकदम गॅलरीत. या गाडीच्या बांधणीत वडिलांचा हात नसे. वडिलांचा हात नंतर लागायचा, आणि तो गाडीला नव्हे. त्या काळच्या वडिलांनी मुलाच्या गतीत भाग घेतला तो एकदाच, सायकल शिकवताना. तासावर भाड्यानं आणलेली सायकल, वर मुलगा, मागं कॅरिअर धरून धोतर किंवा पायजमा सावरत धावणारे वडील. "धरलंय ना?" "धरलंय, धरलंय." आणि मुलानं मागं वळून पाहावं तर वडील वीस पावलं मागं, कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे. हात कधी सोडला ते वडिलांनी सांगायचं नाही आणि मुलानं विचारायचं नाही, असा अलिखित करार होता.

परदेशातल्या ज्या बापांनी कार्टचं कॅरिअर धरलं, त्यांनी ते कधी सोडलं हे पाहण्यासारखं आहे. ब्राझीलमधल्या साव पावलो शहरात मिल्टन दा सिल्वा नावाचे एक सधन गृहस्थ होते. त्यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलासाठी हिरवळ कापायच्या यंत्राचं एक अश्वशक्तीचं इंजिन लावून कार्ट केली. हा मुलगा म्हणजे आयर्तन सेना. दा सिल्वा हे आडनाव ब्राझीलमध्ये आपल्याकडच्या पाटलांइतकं सर्रास. म्हणून मुलानं पुढं शर्यतीत आईच्या माहेरचं सेना हे नाव लावलं. गाडी केली बापानं आणि फलकावर चढलं आईचं नाव, हा न्याय मला मनापासून आवडला. १९७३ साली, तेराव्या वर्षी, मुलगा कार्टच्या शर्यतीत उतरला आणि १९८१ साली इंग्लंडात मोटारींच्या शर्यती जिंकू लागला. तेव्हा घरून काय सांगणं आलं असेल? 'पुरे आता, परत ये आणि धंद्यात लक्ष घाल.' पोर्तुगीज भाषेत ते कसं म्हणतात मला माहीत नाही. पण अर्थ हाच. आणि तो खरोखरच त्या वर्षाच्या अखेरीस सगळं सोडून घरी गेला! चार वर्षांच्या पोराच्या हातात इंजिन देणाऱ्या बापालाही, तो एकविसाव्या वर्षी खरोखरच गाडी चालवतो म्हटल्यावर, दुकान आठवलं. पोरानं थोडे महिने दम धरला आणि १९८२ साली तो पुन्हा इंग्लंडात हजर झाला. पुढं १९८८, १९९० आणि १९९१ साली तो जगज्जेता झाला आणि १ मे १९९४ रोजी इटलीतल्या इमोला इथं शर्यतीतच गेला. बापाची कुठली इच्छा खरी म्हणायची, पहिली की दुसरी? मी यावर दोन रात्री विचार केला. दोन्ही खऱ्या असाव्यात.

जर्मनीत रोल्फ शुमाकर हे गवंडी. त्यांनी मुलाच्या पायडलच्या गाडीला मोटारसायकलचं छोटं इंजिन बसवलं. चार वर्षांच्या मायकेलनं ती नेऊन दिव्याच्या खांबावर घातली. आपल्याकडे इथं गोष्ट संपली असती. खांब, पोरगा आणि इंजिन यांचा त्याच क्रमानं हिशेब झाला असता. शुमाकर पतिपत्नींनी मात्र पोराला गावाजवळच्या कार्टच्या ट्रॅकवर नेलं, म्हणजे निदान खांब तरी नसतील. मग वडील तिथंच कार्ट दुरुस्त करायचं जादा काम करू लागले आणि आई ट्रॅकच्या उपाहारगृहात काम करू लागली. टाकून दिलेल्या भागांतून बापानं जोडलेल्या गाडीवर मुलगा सहाव्या वर्षी क्लबमध्ये पहिला आला. नवीन इंजिनाला लागणारे ८०० मार्क घरात नव्हते. गावातल्या व्यापाऱ्यांनी हात दिला. पुढं याच मुलानं सात वेळा जगज्जेतेपद मिळवलं. मला या कहाणीत त्या उपाहारगृहाचं महत्त्व फार वाटतं. एकाच सीटची गाडी असूनही सबंध कुटुंबाला त्या छंदात जागा मिळाली, ती अशी. एक आत, एक गाडीखाली, एक चहाच्या किटलीजवळ.

इंग्लंडातल्या अँथनी हॅमिल्टन यांनी लहानग्या लुइसला कार्ट दिली, पण शाळेचा अभ्यास नीट केलास तरच, या अटीवर. (हे वाचून मला या माणसाबद्दल एकदम जवळीक वाटली.) खर्च भागवायला ते एका वेळी चार-चार कामं करत. खिडक्यांच्या दुहेरी काचा विकणं, भांडी घासणं, घरं विकणाऱ्यांच्या पाट्या ठोकणं. आणि ट्रॅकवर ते काय करत, ते लुइसनंच सांगितलेलं आहे. सगळ्यांत वेगवान मुलगा वळणापाशी जिथं ब्रेक दाबायचा तिथं हे जाऊन उभे राहायचे, मग तिथून काही पावलं पुढं चालायचे आणि पोराला सांगायचे, तू इथं दाबायचा. कुंपणाबाहेरच्या बापाची सबंध व्यथा या चार पावलांत आहे. पुढं पोरगा जगज्जेता झाला, बाप त्याचा व्यवस्थापक झाला आणि २०१० साली पोरानं त्याला व्यवस्थापकपदावरून दूर केलं. कॅरिअर कधी सोडायचं हे काही वेळा सायकलवाला ठरवतो.

मॅक्स फर्स्टापेनच्या घरी तर वडीलच शर्यतवीर आणि आई सोफी कुंपेन स्वतः नावाजलेली कार्टपटू. म्हणजे घरात दोन्हीकडून तज्ज्ञ! २०१२ साली इटलीतल्या सार्नो इथं चौदा वर्षांच्या मॅक्सनं घाईत एक आगळीक केली आणि हाती येऊ घातलेली स्पर्धा घालवली. परतीच्या वाटेवर तो बोलू पाहू लागला तेव्हा बापानं त्याला एका पेट्रोल पंपावर गाडीतून उतरवलं आणि स्वतः निघून गेला. थोड्या वेळानं तो परत येऊन घेऊन गेला. हे मॅक्सनंच मुलाखतींतून सांगितलं आहे, आणि या कडकपणाचा आपल्याला उपयोगच झाला असं तो म्हणतो. २०२१ पासून ओळीनं चार वर्षं जगज्जेता झालेल्या माणसाशी वाद कोण घालणार? पण असे आणखी किती पेट्रोल पंप असतील आणि त्यांवर उतरवलेली किती मुलं पुढं कुणीच झाली नसतील, त्यांच्या मुलाखती कोण घेतो? मला तो पंप डोळ्यांसमोरून हलेना. पंधरा दिवसांची मुदत संपली होती.

आम्ही गेलो. आपल्याकडे आता कार्टचे ट्रॅक झालेले आहेत. कोल्हापुरात तर मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक असा, की राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या तिथं झालेल्या आहेत. आमची मजल गावाबाहेरच्या भाड्याच्या ट्रॅकपर्यंत. भाड्याच्या कार्टचं इंजिन पाहिलं आणि मला एकदम धीर आला. शेतावर पाणी ओढायच्या पंपाला असतं त्याच गोत्रातलं ते! तिथल्या पोरानं आधी सूचना दिल्या. उजव्या पायाखाली वेग, डाव्या पायाखाली ब्रेक, दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. मग तो सौभाग्यवतींकडे वळून म्हणाला, "ओढणी काढून ठेवा, ताई. आणि केस बांधून आत घ्या." तो हे फार गंभीरपणे म्हणाला. त्याला कारण आहे. तो मागचा दांडा उघडाच फिरत असतो, आणि त्यात मोकळे केस अडकून आपल्या देशात जीव गेलेले आहेत. कन्येची वेणी मी स्वतः दोनदा तपासली. वेणी तपासण्याचा माझ्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग.

ट्रॅकवर दोन सीटांचीही एक गाडी होती. "ही घेऊ या का? मिळून!" मी म्हटलं. कन्येनं त्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तीत एक पाच वर्षांचं बाळ आजोबांशेजारी बसून केळं खात होतं. विषय संपला.

तेव्हा कन्या आत आणि मी कुंपणाबाहेर. पहिल्या फेरीत ती सायकलीच्या बेतानं गेली. दुसऱ्या फेरीत जरा वाढली. तिसऱ्या फेरीत समोरच्या वळणावर ती इतक्या जोरात आली, की माझा डावा पाय आपोआप जमिनीत रुतला. तिथं ब्रेक नव्हता, फक्त माती होती. "आधी दाब! आधी दाब!" मी ओरडलो. शेजारी उभे असलेले दुसरे एक बाप "उशिरा! उशिरा!" असं आपल्या चिरंजिवांना ओरडत होते. इतिहासाचं वाचन त्यांचंही झालेलं असावं. तेवढ्यात कन्येची गाडी स्वतःभोवती गर्रकन फिरली आणि टायरांच्या भिंतीला टेकून थांबली. तिथल्या पोरानं धावत जाऊन ती सरळ करून दिली. कन्येनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकदा वेणी चाचपली आणि निघून गेली.

ती उतरून आली तेव्हा माझ्या जिभेवर सतरा सूचना होत्या. आधी मान वळव, मग चाक वळव. सरळ रेषेत असतानाच ब्रेक दाब. त्या निळ्या शर्टवाल्या मुलाकडे बघत होतीस ते कशाला. त्याच वेळी पलीकडच्या हमरस्त्यावरचा पेट्रोल पंप दिसत होता. मी म्हटलं, "वडापाव खाणार?"

"आधी तू जा आत," ती म्हणाली. "तुझेही पैसे भरलेत आईनं."

त्या खुर्चीत मी कसा बसलो याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो, की इंगल्सच्या अडीच अश्वशक्तीबद्दल मला प्रथमच खरी सहानुभूती वाटली. मग गाडी सुटली. जमीन बुडाखालून चार बोटांवरून पळत होती, आणि तीस-चाळीसचा वेग तिथून शंभराचा दिसत होता. बरगड्या खुर्चीला आपटत होत्या. पण सगळ्यांत नवल वाटलं ते आवाजाचं. डोक्यावर ते जाड हेल्मेट, कानामागं ते पंपाच्या गोत्रातलं इंजिन. बाहेरचं एक अक्षर ऐकू येत नाही हो! कुंपणापाशी कन्या दोन्ही हात पसरून, उड्या मारून काहीतरी सांगत होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं. मुक्या चित्रपटातल्यासारखं. दर फेरीला ती तिथंच होती.

नंतर वेळांचा छापील कागद मिळाला. त्यात सौभाग्यवतींची फेरी आम्हा दोघांपेक्षा चार सेकंदांनी कमी निघाली. त्यावर "मी आपली सहज गेले होते," एवढंच बोलून त्यांनी ओढणी घेतली आणि त्या वडापाव आणायला गेल्या.

"मी काय सांगत होते, ऐकू आलं का?" कन्येनं विचारलं.

"एक शब्द नाही."

"हातानं दाखवत होते ते?"

"दिसलं. कळलं काहीच नाही."

"हं," ती म्हणाली. "मलाही." आणि सौभाग्यवतींनी आणलेल्या वडापावातली मिरची काढून तिनं माझ्या कागदावर ठेवली.